साखळी दुकानांचा नकाशा : प्रसरणाच्या दोन उपपत्ती आणि डी-मार्टचे उदाहरण

१. प्रश्नाचे स्वरूप

किरकोळ व्यापारातील एखाद्या साखळीची सर्व दुकाने टिंब पद्धतीने नकाशावर मांडावयाची, ती जिल्हावार लोकसंख्येशी व उत्पन्नाशी ताडून पाहावयाची आणि त्यावरून प्रदेशाच्या क्रयशक्तीविषयी अनुमान काढावयाचे, ही अभ्यासपद्धती पदव्युत्तर प्रबंधिकेस सोयीची आहे. दुकानांचे पत्ते कंपन्या स्वतःच प्रसिद्ध करतात, स्थाननिश्चिती करणे आता दुष्कर राहिलेले नाही, आणि जनगणनेचे तक्ते हाताशी असतात. काम नेटके होते व नकाशाही देखणा होतो. त्या नकाशाने नेमके काय सांगितले, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

अशा नकाशाचे वाचन बहुधा पुढीलप्रमाणे केले जाते. टिंबे दाट तेथे मागणी अधिक, विरळ तेथे ती कमी, आणि नकाशा कोरा तेथे ती जवळजवळ नाही. याच्या पुढची पायरी न सांगताच ओलांडली जाते व नकाशावरील कोरा भाग हा मागास भाग ठरतो. प्रस्तुत लेखात या वाचनाची परीक्षा करावयाची आहे. साखळी दुकानांचा नकाशा हा प्रथमतः पुरवठ्याचा नकाशा असतो. मागणीचे चित्र त्यात असलेच, तर ते पुरवठ्याच्या गाळणीतून उतरलेले असते, असे आमचे प्रतिपादन आहे. त्यासाठी अमेरिकेतील वॉलमार्ट या साखळीच्या विस्ताराविषयी मांडल्या गेलेल्या दोन उपपत्तींचा प्रथम विचार करू आणि मग त्या मुंबईत उगम पावलेल्या डी-मार्टच्या विस्तारास कितपत लागू पडतात, ते पाहू.

२. केंद्रस्थान सिद्धांताची मर्यादा

टिंबांवरून मागणी वाचण्याच्या सवयीचे मूळ वाल्टर ख्रिस्टालर याच्या १९३३ च्या दक्षिण जर्मनीविषयक ग्रंथात शोधता येते. वस्तू विकली जाण्यास किमान काही गिऱ्हाईक हवे आणि गिऱ्हाईक वस्तूसाठी काही अंतरापर्यंतच जाईल, या दोन साध्या तत्त्वांवरून त्याने लहानमोठ्या केंद्रांची श्रेणी सिद्ध केली. या मांडणीत प्रत्येक दुकान आपल्या पायांवर उभे असते. आसपासच्या गिऱ्हाइकावर त्याचे पोट भरले तर ते टिकते, नाही तर बंद पडते. त्यामुळे दुकानाचे अस्तित्व हे तेथील मागणीचे प्रमाण मानता येते. वाण्याची दुकाने, कापडाची पेठ किंवा सोनारआळी यांच्या बाबतीत हे गृहीत बरेचसे खरे आहे.

साखळी दुकानांच्या बाबतीत ते खरे राहत नाही. येथे शंभर दुकानांचा मालक एकच असतो आणि तो शंभरावे दुकान कोठे काढावे हे ठरविताना त्या एका दुकानाचा हिशेब पाहत नसून सर्व साखळीचा हिशेब पाहत असतो. एखादे ठिकाण स्वतंत्रपणे फायद्याचे असूनही साखळीपासून दूर पडते म्हणून सोडून दिले जाते. उलट, जुन्या दुकानाचे थोडे गिऱ्हाईक ओढून घेणारे नवे दुकान त्याच परिसरात मुद्दाम काढले जाते. केंद्रस्थान सिद्धांताने या दोन्ही गोष्टींचा उलगडा होत नाही. त्याला 'किती दुकाने' हे सांगता येते, 'कोणाची दुकाने' हा प्रश्न त्यात नाहीच.

३. वॉलमार्ट : दोन उपपत्ती

वॉलमार्टच्या विस्ताराचा इतिहास अभ्यासकांना प्रिय झाला याचे कारण त्याची क्रमबद्धता होय. सॅम वॉल्टन याने १९४५ मध्ये आर्कान्सा राज्यातील न्यूपोर्ट या गावी दुकान चालविण्यास घेतले. दुकान चांगले चालले; परंतु जागेच्या भाडेकराराचे नूतनीकरण होऊ शकले नाही आणि १९५० मध्ये त्याला त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकास बेंटनव्हिल येथे जावे लागले. पहिले वॉलमार्ट १९६२ मध्ये जवळच्या रॉजर्स गावी उघडले. १९६७ पर्यंत २४ दुकाने झाली, ती सर्व आर्कान्सात. १९६८ मध्ये साखळीने शेजारच्या मिसूरी व ओक्लाहोमा राज्यांत पाऊल टाकले. १९८० च्या सुमारास दुकाने २७६ झाली होती, तथापि त्यांचा पसारा ११ राज्यांपुरताच होता. कॅलिफोर्नियात साखळी १९९० मध्ये पोहोचली आणि व्हरमाँट या अखेरच्या राज्यात १९९५ मध्ये.

या विस्ताराचे पहिले लक्षणीय भौगोलिक विवेचन ग्रॅफ व ॲश्टन यांनी १९९४ मध्ये केले. टॉर्स्टन हेगरस्ट्रँड याच्या १९५३ च्या प्रसरणविषयक संशोधनापासून भूगोलात दोन प्रकार सर्वमान्य झाले आहेत. एक सान्निध्य-प्रसरण, म्हणजे शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे. दुसरे श्रेणीबद्ध प्रसरण, म्हणजे महानगराकडून नगराकडे व नगराकडून गावाकडे. वॉलमार्टने या दुसऱ्या प्रकाराचा क्रम उलटविला, असे ग्रॅफ व ॲश्टन यांचे म्हणणे. तो लहान गावांत वाढला आणि मोठ्या शहरांत उशिरा शिरला. त्याचे प्रसरण सान्निध्याचे आणि त्याचबरोबर 'उलट श्रेणीचे' होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरी उपपत्ती टॉमस होम्स याची, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली. होम्सने गावाच्या आकाराकडे लक्ष न देता दुकाने आणि वितरण-केंद्रे उघडण्याच्या तारखा एकत्र ठेवल्या. वॉलमार्ट कधीही दूरच्या किफायतशीर जागेवर उडी घेऊन मधला प्रदेश नंतर भरीत नाही, नेहमी आतून बाहेर सरकतो, हे त्याला आढळले. उडी घेतली असती तर चांगल्या जागा लवकर मिळाल्या असत्या; त्या न घेण्यात तोटा होता आणि तो कंपनीने पत्करला. तेव्हा दाटीने राहण्याचा लाभ त्या तोट्याहून मोठा असला पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. दुकान वितरण-केंद्राच्या एक मैल जवळ असल्यास वर्षाला सुमारे ३,५०० डॉलरचा लाभ होतो, असे त्याचे गणित सांगते. हा आकडा निव्वळ मालमोटारींच्या खर्चातील बचतीहून बराच मोठा आहे. मागणी बदलताच माल तत्काळ पाठविता येणे, देखरेख सोपी होणे, असे इतर लाभही त्यात आले आहेत.

या दोन उपपत्ती एकमेकींस पूरक म्हणून सांगितल्या जातात. आमच्या मते त्या एकाच पातळीवरच्या नाहीत. पहिली वर्णन करते, दुसरी कारण सांगते. आणि पहिलीने केलेल्या वर्णनातील एक भाग, तो म्हणजे उलट श्रेणी, कारणाशी निगडित नसून आरंभबिंदूशी निगडित आहे. वॉल्टन आर्कान्साच्या डोंगराळ कोपऱ्यात होता. त्याच्या शेजारी महानगर नव्हतेच. दाटीने वाढणारी साखळी जेथून निघेल तेथील वस्तीचा आकार आरंभी तिच्या नकाशावर उमटणारच. न्यूपोर्टच्या भाडेकराराची अट वेगळी असती तर साखळीचे केंद्रही कदाचित वेगळे असते. अशा आकस्मिक गोष्टीला सिद्धांताचे नाव देणे धोक्याचे आहे.

होम्सच्या पद्धतीवरही आक्षेप घेता येतो. कंपनीने जे केले ते तिच्या हिताचेच होते, असे गृहीत धरून तो तिच्या कृतीवरून तिचा खर्च शोधतो. म्हणजे कंपनीचे शहाणपण हे येथे सिद्ध करावयाचे साध्य नसून हाताशी घेतलेले साधन आहे. ज्या साखळीने चुका केल्या तिच्यावर ही पद्धत चालविल्यास चुकांचेही समर्थन करणारा आकडा निघेल. तथापि या उपपत्तीस स्वतंत्र पुष्टी देणारे एक उदाहरण वॉलमार्टच्याच चरित्रात आहे. १९९७ व १९९८ मध्ये कंपनीने जर्मनीत दोन तयार साखळ्या विकत घेतल्या. दुकाने एकदम मिळाली, पण ती देशभर विखुरलेली होती आणि आतून बाहेर सरकण्याचा क्रम तेथे घडलाच नाही. २००६ मध्ये कंपनीने जर्मनी सोडली. या अपयशामागे स्पर्धा, कायदे आणि ग्राहकांच्या सवयी हीही कारणे होती, म्हणून त्यास निर्णायक पुरावा म्हणता येणार नाही. परंतु विकत घेतलेली टिंबे आणि वाढत गेलेली टिंबे नकाशावर सारखीच दिसतात, हा धडा त्यातून निश्चित मिळतो.

४. डी-मार्ट : तोच नियम, उलटा नकाशा

ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स या कंपनीचे पहिले डी-मार्ट मुंबईतील पवई येथे २००२ मध्ये सुरू झाले. तिचे प्रवर्तक राधाकिशन दमाणी मुंबईच्या शेअरबाजारातील प्रसिद्ध गुंतवणूकदार. मार्च २०१७ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात नोंदविले गेले तेव्हा, म्हणजे पंधरा वर्षांनी, दुकानांची संख्या १३१ होती. मार्च २०२० अखेर ती २१४, मार्च २०२२ अखेर २८४ आणि मार्च २०२५ अखेर ४१५ झाली. महाराष्ट्रात सर्वांत अधिक दुकाने, त्याखालोखाल गुजरातेत. पुढे तेलंगण, आंध्र, कर्नाटक, मध्य प्रदेश, तमिळनाडू, राजस्थान, पंजाब अशी व्याप्ती वाढत गेली. पश्चिम बंगाल, बिहार व केरळ ही राज्ये मात्र मार्च २०२५ पर्यंत नकाशावर कोरीच होती.

आता ग्रॅफ व ॲश्टन यांची कसोटी येथे लावून पाहू. सान्निध्याचा भाग तंतोतंत जुळतो. कंपनी स्वतःच आपल्या धोरणास समूहाने वाढण्याचे धोरण म्हणते. मुंबईची उपनगरे, ठाणे, कल्याण, नवी मुंबई, पुणे असा पट्टा आधी दाट झाला. उलट श्रेणी मात्र कोठेही आढळत नाही. साखळी देशाच्या सर्वांत मोठ्या महानगरातून निघाली आणि लहान शहरांकडे नंतर वळली. म्हणजे दोन साखळ्या, दोघींचा आर्थिक नियम एक, आणि श्रेणीची दिशा परस्परविरुद्ध. 'उलट श्रेणी' हा वॉलमार्टचा स्वभाव नसून त्याच्या जन्मस्थानाचा ठसा होता, हे आमचे वरील विधान या तुलनेने दृढ होते. वॉल्टन बेंटनव्हिलला होता म्हणून ती साखळी खेड्याकडून शहराकडे गेली. दमाणी मुंबईत होते म्हणून ही शहराकडून गावाकडे निघाली.

केरळ व पश्चिम बंगाल या राज्यांविषयीचे अनुमान याच प्रकाशात तपासावे. केरळातील उपभोगाची पातळी देशात उच्च मानली जाते आणि कोलकाता हे देशातील अग्रगण्य महानगर आहे. नकाशा कोरा म्हणून मागणी नाही, असे या दोहोंविषयी कोणीही म्हणणार नाही. परंतु हेच तर्कशास्त्र विदर्भातील किंवा कोकणातील एखाद्या तालुक्यास लावताना आपली भीड चेपते. कारण तो भाग मागास आहे हा समज आधीच मनात असतो आणि नकाशा त्यास दुजोरा देतो एवढेच. जे अनुमान केरळास लावता येत नाही ते एखाद्या दूरच्या तालुक्यास लावण्याचा अधिकार नकाशाने दिलेला नाही.

५. जमीन आणि जकात

पुरवठ्याची गाळणी म्हणजे काय, ते दोन बाबींवरून स्पष्ट होईल. पहिली बाब जमिनीची. किरकोळ विक्रीच्या बहुतेक साखळ्या जागा भाड्याने घेतात. डी-मार्टचे धोरण जागा शक्यतो विकत घेण्याचे, किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेण्याचे आहे. भाड्याची वाढ आणि करार संपण्याची टांगती तलवार यांतून दुकान मुक्त होते. न्यूपोर्टचा प्रसंग आठवला म्हणजे या मुक्ततेची किंमत कळते. परंतु त्याचे मोल भांडवलाच्या रूपाने आधीच मोजावे लागते. म्हणूनच पहिली पंधरा वर्षे विस्तार संथ राहिला. याचा दुसरा परिणाम स्थाननिवडीवर होतो. निर्वेध मालकीहक्क असलेला, पुरेसा मोठा भूखंड जेथे परवडेल तेथेच दुकान निघते. दुकानांचे सरासरी क्षेत्रफळही वाढत गेले आहे. २०१७ मध्ये १३१ दुकानांचे एकूण विक्रीक्षेत्र सुमारे ४० लाख चौरस फूट होते. २०२५ मध्ये ४१५ दुकानांचे ते सुमारे १७० लाख चौरस फूट होते. म्हणजे दर दुकानामागे क्षेत्र सुमारे ३० हजारांवरून ४० हजार चौरस फुटांवर गेले. एवढा अखंड भूखंड जुन्या पेठेत, वाड्यांच्या आणि वाटण्या झालेल्या मिळकतींच्या वस्तीत, सहसा मिळत नाही. साहजिकच टिंब शहराच्या कडेला, नव्या रस्त्यालगत पडते. त्यास 'कडेच्या वस्तीची वाढती मागणी' म्हणावयाचे की 'पेठेतील मिळकतीचा गुंता' म्हणावयाचे, हे केवळ नकाशावरून ठरविता येत नाही. शहराच्या भूमिअभिलेखाकडे जावे लागते.

दुसरी बाब करांची. मुंबईच्या हद्दीत येणाऱ्या मालावर १ जुलै २०१७ पर्यंत जकात होती. हद्दीच्या बाहेर, नाशिककडे जाणाऱ्या महामार्गावर, भिवंडी परिसरात गोदामांची जी अफाट वाढ झाली तिच्यात या जकातीचा मोठा वाटा होता. माल हद्दीबाहेर उतरवावयाचा आणि लागेल तसा आत न्यावयाचा, ही सोय त्यामागे होती. डी-मार्टच्या पुरवठ्याची गोदामेही या पट्ट्यात आहेत. तसेच, केंद्रीय विक्रीकराच्या व्यवस्थेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री केल्यास कर पडे, परंतु स्वतःच्या गोदामात माल हलविल्यास तो पडत नसे. म्हणून व्यापाऱ्यांना राज्याराज्यांत स्वतंत्र गोदामे ठेवणे भाग होते. वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर हे कारण उरले नाही; पण बांधलेली गोदामे व त्यांच्याभोवती वसलेली दुकाने जागची हलत नाहीत. आजच्या टिंबांच्या मांडणीत रद्द झालेल्या करांच्या रेषा अशा रीतीने गोठून राहिल्या आहेत. राज्याच्या सीमेवर टिंबे एकाएकी विरळ झालेली दिसली, तर त्याचे कारण सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकात शोधण्यापूर्वी करांच्या इतिहासात शोधणे अधिक योग्य.

६. सारखी आकृती, भिन्न कारण : सहकारी भांडाराची तुलना

दाटीने असलेल्या टिंबांमागे नेहमी दाटीचा लाभच असतो, असेही समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९७० नंतरच्या दशकात वारणा बाजार हे सहकारी ग्राहक भांडार उभे राहिले आणि वारणा खोऱ्यातील गावोगावी त्याच्या शाखा निघाल्या. त्याचा नकाशा काढल्यास एका केंद्राभोवती दाटलेला पुंजका दिसेल. होम्सची उपपत्ती त्यास वरवर चपखल बसेल. वस्तुतः तेथे कारण वेगळे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील संस्थेचे कार्यक्षेत्र तिच्या उपविधींत नमूद असते. संस्थेची दुकाने सभासदांच्या गावीच असावयाची. म्हणजे पुंजक्याची कड येथे खर्चाने आखलेली नसून सभासदत्वाने व कायद्याने आखलेली आहे. ज्या गावात खाजगी साखळीचे पाऊल पडण्याचा संभव नाही अशा गावातही येथे टिंब असते, कारण तेथे सभासद आहे.

हे उदाहरण पद्धतीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. आकृतीवरून प्रक्रिया सिद्ध होत नाही, हे तत्त्व आपण वर्गात सांगतो. नकाशा हाती आला की मात्र विसरतो.

७. मापनपद्धतीविषयी

निकटतम शेजारी पद्धतीचा निर्देश येथे आवश्यक आहे, कारण अशा अभ्यासांत ती हमखास वापरली जाते. क्लार्क व इव्हान्स यांनी १९५४ मध्ये ती वनस्पतींच्या वितरणासाठी मांडली. टिंबांमधील प्रत्यक्ष सरासरी अंतरास यदृच्छ वितरणातील अपेक्षित अंतराने भागावयाचे. भागाकार १ आल्यास वितरण यदृच्छ, ० कडे झुकल्यास पुंजकेदार आणि २.१५ च्या जवळ गेल्यास समांतर. या अपेक्षित अंतरात अभ्यासक्षेत्राचे क्षेत्रफळ येते आणि ते ठरविणारा अभ्यासक स्वतः असतो, ही त्यातील मेख आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, महाराष्ट्राच्या सुमारे ३,०७,७०० चौरस किलोमीटर क्षेत्रात एखाद्या साखळीची १०० दुकाने आहेत. अपेक्षित अंतर सुमारे २८ किलोमीटर येईल. त्यांपैकी ४० दुकाने मुंबई महानगर प्रदेशाच्या सुमारे ६,३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात आहेत असे मानल्यास तेथील अपेक्षित अंतर सुमारे ६.३ किलोमीटर येईल. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष सरासरी अंतर ५ किलोमीटर धरले, तर पहिल्या चौकटीत गुणांक ०.१८ म्हणजे पराकाष्ठेचा पुंजका. दुसऱ्या चौकटीत ०.८० म्हणजे जवळजवळ यदृच्छ. प्रत्यक्ष अंतर तेच राहिले, कुंपण तेवढे बदलले आणि निष्कर्ष पालटला. शिवाय झाडाला डोंगरउतार लागतो तशी दुकानाला वस्ती लागते, आणि वस्ती स्वतःच पुंजक्यांत असते. राज्याच्या चौकटीत पुंजका दिसणे ही म्हणूनच साखळीविषयीची माहिती नव्हे.

क्षेत्रघनी नकाशावर टिंबे चढविणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झाली नाही. २०२५ ची दुकाने २०११ च्या लोकसंख्येशी ताडून पाहिल्यास चौदा वर्षांचे अंतर पडते. आणि साखळी ज्या कडेच्या भागांत मुख्यतः वाढते, तेच भाग या काळात सर्वांत अधिक बदलले आहेत.

यास्तव अशा अभ्यासात प्रत्येक टिंबापुढे निदान चार रकाने असावेत : दुकान उघडल्याची तारीख, वितरण-केंद्रापासूनचे रस्त्याने अंतर, जागेच्या हक्काचे स्वरूप, आणि दुकान येण्यापूर्वी तेथे असलेला बाजार. पहिले दोन रकाने मिळविणे फारसे कठीण नाही. तिसऱ्यासाठी नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. चौथा रकाना मात्र पायी हिंडल्याखेरीज भरत नाही आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. विल्यम स्किनर याने १९६४-६५ मध्ये चीनच्या ग्रामीण बाजारांविषयी जे दाखविले ते आपल्या आठवडे बाजारासही लागू आहे. दुकान एका जागी रोज उघडे असले तरच तेथे व्यापार आहे, असे नाही. वार बदलून गावोगाव फिरणारा बाजार हीही एक सुसंघटित व्यवस्था असते. साखळीच्या नकाशावर कोऱ्या दिसणाऱ्या तालुक्यात सोमवारी एका गावी, गुरुवारी दुसऱ्या गावी हजारो लोकांची खरेदी होत असेल. त्या व्यवहाराला पत्त्यांच्या यादीत जागा नाही, एवढाच त्याचा दोष.

८. समारोप

साखळी दुकानांच्या नकाशाचा अभ्यास निरर्थक आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. मालमोटारीची एका दिवसाची धाव, निर्वेध भूखंडाची उपलब्धता, रद्द झालेल्या करांचे अवशेष आणि संस्थापकाचे गाव, या सर्वांचा तो उत्तम दस्तऐवज आहे. ज्याला भांडवलाचा भूगोल शिकावयाचा आहे त्याने तो अवश्य अभ्यासावा. परंतु लोकांच्या गरजेचा किंवा ऐपतीचा तो पुरावा नव्हे.

हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. विद्यापीठातील नकाशे विद्यापीठातच राहत नाहीत. ते नगररचनेच्या आराखड्यांत, बाजार समित्यांच्या अहवालांत आणि कर्ज देणाऱ्या बँकांच्या टेबलावर जातात. तेथे 'कोरा' या शब्दाचे भाषांतर 'मागणी नसलेला' असे झाले, की त्या भागातील वाण्याला कर्ज मिळणे कठीण होते, बाजाराच्या ओट्यांसाठी निधी मिळत नाही, आणि नकाशाने केलेले भाकीत काही वर्षांनी खरेही ठरते. एका कंपनीची सोय हा एका प्रदेशाचा गुणदोष म्हणून नोंदविला जाऊ नये, याची जबाबदारी नकाशा काढणाऱ्यावरच येते.